किडनी बदलली, आता गोळ्या सांभाळा

नागपूरच्या सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयात 2016 साली किडनी बदलायच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. त्यामागचा इतिहास आज आपण बघू.

1954 मध्ये अमेरिकेत बोस्टनला बदललेली किडनी पहिल्यांदा टिकली, कारण देणारा आणि घेणारा जुळे भाऊ होते. इतरांचं शरीर परकी किडनी नाकारायचं. पुढे नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळालं. 1984 मध्ये जपानच्या मातीतून टॅक्रोलिमस सापडलं. मग परक्याचीही किडनी जास्त चांगली टिकू लागली.

पण ही औषधं रक्तात मोजकीच हवीत. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं की लिव्हर ती भराभर मोडतं. मात्रा घटते आणि शरीर किडनी नाकारू शकतं. बुरशीच्या आजारावरचं फ्लुकोनॅझोल उलटं करतं. मात्रा चढते आणि किडनीलाच इजा होते. पपनस खाल्ल्यानेही मात्रा वाढू शकते. याच गुणाचा आपल्या देशात डॉक्टरांनी उपयोगही केला. महागडं सायक्लोस्पोरिन कमी लागावं म्हणून ते केटोकोनॅझोल जोडून देत, पण रक्त तपासत राहूनच.

अंगदुखीची डायक्लोफेनॅक गोळीसुद्धा अशा किडनीला घातक ठरते.

आपल्याकडे किडनी देणारी बहुतेकदा आई नाहीतर बायकोच असते. तिचं देणं एका गोळीपायी वाया जाऊ नये. म्हणून आम्ही सांगतो, गावातल्या डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला आधी चिठ्ठी दाखवा. टीबीचं औषध लागलंच तर ते टाळू नका, रोपणाच्या डॉक्टरांना लगेच कळवा. चालू गोळी मनाने बंद करू नका.