कोपऱ्यावरच्या वाण्याचं गणित

लालबागच्या राजाचं दर्शन आज अमेरिकेतल्या घरी बसून घेता येतं. चित्र अडखळत नाही, आवाज तुटत नाही. ही सोय मात्र आपोआप झालेली नाही. तिच्यामागे बॉस्टनजवळ जन्मलेलं एक गणित आहे, आणि मनाला चटका लावणारी एक कहाणीही.

एप्रिल १९९५ मध्ये सिअ‍ॅटलच्या प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स कंपनीने ‘रिअलऑडिओ’ आणलं आणि पूर्ण फाइल उतरवण्याआधीच आवाज ऐकू येऊ लागला. पण मोडेमच्या त्या दिवसांत ‘बफरिंग’ हा शब्दही सर्वांना पाठ झाला. दोष फक्त फोनच्या तारेचा नव्हता. देणारा संगणक एक आणि मागणारे हजारो! लग्नाच्या पंगतीत एकच वाढपी असावा, तशी गत.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९५ मध्येच एमआयटीतल्या सहकाऱ्यांपुढे हा प्रश्न मांडला. गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनी लुइन यांनी तो मनावर घेतला. उपाय ऐकायला साधा आहे. प्रत्येकाने घाऊक बाजारात कशाला जावं? तोच माल कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ठेवावा. पण कोणता माल कोणत्या दुकानात, हे ठरवायचं कसं? आणि एखादं दुकान बंद पडलं तर? १९९७ साली लेटन, लुइन आणि सहकाऱ्यांनी ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ ही पद्धत मांडली. तिच्यामुळे एक सर्व्हर गेला तरी फक्त त्याच्या वाट्याचा माल इतरांकडे जातो, बाकीची मांडणी विस्कटत नाही.

यातूनच १९९८ मध्ये ‘अकामाई’ कंपनी निघाली. हवाईच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘हुशार’. हुशारी होती ती सॉफ्टवेअरची. वाटेतली गर्दी सतत मोजायची आणि प्रत्येक ग्राहकाला जवळच्या, मोकळ्या सर्व्हरकडे वळवायचं. कोणी न सांगता असं पाहून ठरवणाऱ्या प्रोग्रॅमना संगणकशास्त्रात ‘सॉफ्टवेअर एजंट’ म्हणतात.

११ सप्टेंबर २००१ रोजी बॉस्टनहून लॉस एंजेलिसला निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ११ क्रमांकाच्या विमानात लुइन होते. वय अवघं ३१. त्यांनी अपहरणकर्त्यांना रोखायचा प्रयत्न केला असावा, असं चौकशी आयोगाने नोंदवलं आहे. त्याच दिवशी सारं जग बातम्यांच्या वेबसाइटवर लोटलं होतं. अकामाईतले त्यांचे सहकारी दुःख गिळून त्या साइट चालू ठेवण्यासाठी झटत होते. एक दुवा निखळला तरी जाळं थांबू नये, हे गणित मांडणारा माणूसच गेला. जाळं थांबलं नाही.

पुढे ही हुशारी आपल्या पडद्यापर्यंत आली. आता व्हिडिओ दाखवणारा प्लेअरच दर काही सेकंदांनी वेग मोजतो आणि चित्राचा दर्जा कमी-जास्त करतो. २०१९ च्या विश्वचषकातला भारत-न्यूझीलंड उपान्त्य सामना हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटींहून अधिक लोक पाहत होते. आपण तो सामना हरलो, पण चित्र शेवटपर्यंत चालू राहिलं!