घरगुती हिशेबासाठी दुहेरी नोंद
बँकेतून गेलेला प्रत्येक रुपया खर्चच झाला, असे घरच्या वहीत सहसा धरले जाते. ही समजूत ग्नूकॅश या विनामूल्य संगणकप्रणालीत टिकत नाही. १९९८ पासून उपलब्ध असलेली ही प्रणाली दुहेरी नोंदीवर आधारलेली आहे. इटलीचे गणितज्ञ लुका पाचिओली यांनी १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही पद्धत विशद केली होती.

एका खात्यातून निघालेली रक्कम दुसऱ्या खात्यात दिसलीच पाहिजे, हा तिचा नियम. गृहकर्जाच्या २५,००० रुपयांच्या हप्त्यात १८,००० रुपये व्याज असेल, तर तेवढाच खर्च नोंदला जातो; उरलेल्या ७,००० रुपयांनी कर्ज घटते. ही विभागणी बँकेच्या कर्ज विवरणपत्रातून घ्यावी. क्रेडिट कार्डाचा प्रकार उलटा. खर्च खरेदीच्या दिवशीच नोंदला जातो, बिल भरल्याने केवळ देणे फिटते. बँकेतील फसवी शिल्लक इथेच उघडी पडते.

नोंदींची फाइल वापरकर्त्याच्या संगणकावर राहते. हा लाभ लहान नाही. मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ची विक्री २००९ मध्ये थांबवली, तर इंट्युइटची ‘मिंट’ ही ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये बंद झाली. फाइलची दुसरी प्रत जपण्याची जबाबदारी अर्थात वापरकर्त्याचीच. हिशेबाचा कालावधी १ एप्रिल ते ३१ मार्च असा ठरवून दिल्यास अहवाल भारतीय आर्थिक वर्षानुसार मिळतात.