दीडशे प्रती, एक मंगळवार

रायगड जिल्ह्याचा किनारा उत्तरेला उरणकडे सुरू होतो आणि दक्षिणेला हरिहरेश्वरला, सावित्रीच्या मुखाशी संपतो. जून सरत आला की या दोन टोकांचं काही जुळत नाही. हरिहरेश्वर, बागमांडला, दिवेआगरला होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, कारण १ जूनपासून मासेमारी बंद. हरिहरेश्वरच्या देवळामागची प्रदक्षिणेची वाट लाटांनी ताब्यात घेतलेली असते. तिकडे शेव्याला, जवाहरलाल नेहरू बंदरात (जेएनपीटी), पावसाळा म्हणून कोणी थांबत नाही. जहाज धक्क्याला लागतं, क्रेन खाली येते, कंटेनर उचलला जातो. कोणता कंटेनर, यार्डात कुठल्या रांगेत, कोणत्या ट्रेलरवर, हे सगळं संगणक सांगतो.

२७ जून २०१७, मंगळवार. आदल्याच दिवशी ईद झालेली. वारी पंढरीच्या वाटेवर. जीएसटी लागू व्हायला चार दिवस उरलेले, त्यामुळे राज्यातल्या प्रत्येक हिशेबनिसाचं डोकं सॉफ्टवेअरच्या नव्या अपडेटमध्ये. या शेवटच्या गोष्टीशी पुढच्या गोष्टीचं नातं आहे, कारण त्या दिवशीची संगणकी आपत्ती शेव्यापर्यंत आली ती हिशेबाच्याच एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. वेळा सगळ्या भारतीय दिल्या आहेत.

१४ मार्च २०१७
मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा पॅच दिला. तो बसवायचा की ‘शनिवार-रविवारी बघू’ म्हणायचं, हे ज्याच्या त्याच्या हाती.

१४ एप्रिल
एकाच तारखेला दोन घटना. ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचं ‘इटर्नल ब्लू’ हे हत्यार चव्हाट्यावर आणलं. ते नेमकं त्याच भोकातून आत शिरणारं. आणि युक्रेनमध्ये ‘एम.ई.डॉक’ या सॉफ्टवेअरचा नवा अपडेट निघाला. आपल्याकडे दुकानापासून कारखान्यापर्यंत टॅली, तसं तिकडे हे. कर भरणाऱ्या बहुतेकांकडे ते असायचंच. या अपडेटमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. पुढे १५ मे आणि २२ जूनच्या अपडेटमध्येही तो होताच.

१२ मे
त्याच भोकातून शिरणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला. पॅच का बसवायचा, हे यानंतर कोणाला सांगावं लागू नये. तरी लागलं.

२७ जून, दुपारी २:२९
कीव्हमधल्या एम.ई.डॉकच्या अपडेट सर्व्हरवर एकजण चोरलेल्या पासवर्डने आत येतो आणि सर्वाधिकार मिळवतो. दीड तास उरला आहे.

२:४१
तो सर्व्हरच्या मांडणीत थोडासा बदल करतो. आता अपडेट मागायला येणारी वाहतूक गुपचूप दुसऱ्याच यंत्राकडे वळते. हे मिनिटासकट सांगता येतं, कारण त्या सर्व्हरच्या नोंदी नंतर तपासणाऱ्यांच्या हाती लागल्या. हल्लेखोराचं यंत्र मात्र त्याने स्वतःच रात्री १:१६ वाजता पुसून टाकलं. नोंदी जपण्याचं आणि पुसण्याचं महत्त्व त्याला चांगलं ठाऊक होतं.

४:००
युक्रेनमधल्या संगणकांवर एम.ई.डॉकच्या वाटेने पहिली लागण दिसते. पुढे ‘नॉटपेट्या’ म्हणून बदनाम झालेला प्रोग्राम तो हाच. त्याच्याकडे दोन किल्ल्या होत्या. इटर्नल ब्लूने पॅच नसलेल्या यंत्रात शिरायचं. आणि ‘मिमिकॅट्झ’च्या पद्धतीने त्या यंत्राच्या मेमरीतले पासवर्ड काढून पॅच असलेल्या यंत्रातही शिरायचं. म्हणजे ऑफिसात एकानेच आळस केला असला तरी बाकी सगळे उघडे. युक्रेनमधल्या एका मोठ्या बँकेचं नेटवर्क ४५ सेकंदांत आडवं झालं.

लागण झालेलं यंत्र लगेच मरत नसे. दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत थांबायचं, तेवढ्यात शेजाऱ्यांना लागण द्यायची, मग स्वतःला रिस्टार्ट करायचं. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं यायची: डिस्कमध्ये दोष आहे, दुरुस्ती चालू आहे, यंत्र बंद करू नका. ती दुरुस्ती नव्हतीच. त्याच वेळी डिस्कची अनुक्रमणिका कुलूपबंद होत असे. तिथेच कोणी वायर उपटली असती तर फाइली वाचण्याची शक्यता होती. पण संगणक स्वतःच ‘बंद करू नका’ म्हणत असताना वायर कोण उपटणार?

त्यानंतर खंडणीची पाटी: ३०० डॉलर, बिटकॉइनमध्ये. पैसे भरूनही उपयोग नव्हता. पाटीवरचा ग्राहक क्रमांक नुसता वाटेल तसा जुळवलेला होता, त्यावरून किल्ली सापडणं अशक्य. खंडणीचा मेलबॉक्सही तो पुरवणाऱ्या जर्मन कंपनीने त्याच दिवशी बंद केला. म्हणजे हेतू वसुलीचा नव्हता, नासाडीचा होता.

दुपार ते संध्याकाळ, कोपनहेगन
मर्स्क ही तेव्हा जगातली सर्वात मोठी कंटेनर वाहतूक कंपनी होती. तिने ओडेसातल्या एका, फक्त एका संगणकावर एम.ई.डॉक बसवलं होतं. कोपनहेगनच्या मुख्यालयात पडदे एकामागून एक काळे पडू लागले. माणसं मजल्यामजल्यावर धावत ‘बंद करा, वायर काढा’ म्हणून ओरडत होती. जगभरचं नेटवर्क तोडायला दोन तासांहून जास्त लागले.

६:०३
कीव्हच्या सर्व्हरची मांडणी पूर्ववत होते. काम झालं होतं.

संध्याकाळ, शेवा
‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे जेएनपीटीतलं टर्मिनल मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स आणि आपलं कॉनकॉर मिळून चालवतात. तिथलं काम ठप्प झालं. क्रेन धडधाकट, धक्का धडधाकट, जहाज समोर उभं. पण कोणत्या डब्यात कोणाचा माल आणि तो कुठे ठेवलाय, हे सांगणारं कोणी नाही. एरवी निर्यातीचा ट्रेलर फॉर्म १३ घेऊन गेटवर येतो, नंबर जुळतो, आत जातो. जुळवायलाच काही उरलं नाही की गेट म्हणजे नुसता आडवा बांबू. हाताने काम चालवायचा प्रयत्न झाला. आत-बाहेर जाणारा माल तुंबणार, हे नौवहन मंत्रालयाने लगेच जाहीर केलं आणि खोळंबलेल्या मालासाठी बंदर परिसरात जागा करावी लागली. एपीएमच्या जगभरच्या ७६ पैकी १७ टर्मिनलांची हीच गत.

आता बॅकअपकडे येऊ. मर्स्ककडे बॅकअप नव्हते, असं नाही. बहुतेक सर्व्हरचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडले. सापडला नाही तो डोमेन कंट्रोलरचा. नेटवर्कमध्ये कोण कोण आहे, कोणाला काय उघडायची मुभा आहे, याची मूळ वही म्हणजे डोमेन कंट्रोलर. ती उभी राहिल्याशिवाय बाकीचे सर्व्हर रिस्टोर करून उपयोग नाही, कारण आत कोणाला सोडायचं हेच त्यांना कळत नाही. हरिहरेश्वरला दर्शनाचा क्रम ठरलेला आहे, आधी काळभैरव, मगच हरिहरेश्वर. इथेही तसाच क्रम, आणि काळभैरवच जागेवर नव्हता.

का नव्हता? मर्स्कचे जगभर सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर होते आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक बिघडला तर दुसऱ्यावरून उभा करायचा, दीडशेच्या दीडशे एकाच वेळी जाणार नाहीत, असा हिशेब. आग, पूर, भूकंप, हार्ड डिस्क बिघडणं, या सगळ्याला तो पुरून उरला असता. पण दीडशे प्रती एकाच तारेत ओवलेल्या होत्या आणि घाव तारेवरच आला. अशा रचनेत पहिल्या प्रतीचं नुकसानही बाकीच्यांकडे इमानेइतबारे पोचतं. स्नॅपशॉटचं, म्हणजे त्या क्षणीच्या माहितीच्या गोठवलेल्या प्रतीचंही तेच. रोज रात्री एक काढतो म्हणून निश्चिंत असणारे पुष्कळ. तो स्नॅपशॉट मूळ माहितीच्याच साठ्यावर आणि त्याच पासवर्डखाली असेल, तर तो सोयीचा असतो, सुरक्षित नसतो. माझ्या मते दीडशे हा आकडाच घातक ठरला. दोनच असते तर कोणाला तरी रात्री झोप लागली नसती आणि एखादी डिस्क तिजोरीत गेली असती.

त्यानंतरचे दिवस
इंग्लंडमधल्या मेडनहेडला मर्स्कने तळ ठोकला आणि जगभरच्या ऑफिसांना फोन सुरू झाले: तुमचा डोमेन कंट्रोलर आहे का? नाही. तुमचा? नाही. अखेर घानातून होकार आला. हल्ल्याच्या आधी तिथे वीज गेली होती आणि ते यंत्र नेटवर्कपासून तुटलेलं होतं. बाकी सगळे हकनाक गेले, हा एक अंधारात बसून वाचला. निसर्ग चक्रीवादळानंतर, २०२० च्या जूनमध्ये, श्रीवर्धन तालुक्यातली गावं दिवसेंदिवस विजेविना राहिली. वीज जाण्याने कोणाचं भलं होऊ शकतं, हे तिथे सांगून पटणार नाही.

पण माहिती आणायची कशी? काही शे जीबी, आणि घानाची इंटरनेट जोडणी इतकी मंद की ती पोचायला अनेक दिवस लागले असते. बरं, विमानाने पाठवावं तर घानातल्या कोणाकडेच ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एक कर्मचारी डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती ती दिली, आणि तो साडेसहा तासांच्या विमानाने लंडनला. जगाचा माल हलवणाऱ्या कंपनीचं सगळं भवितव्य एका माणसाच्या हातातल्या सामानात होतं.

ती डिस्क पोचल्यावर बाकीच्यांची पाळी आली. मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हॅगमन स्नाबे यांनी २०१८ च्या जानेवारीत दावोसला हिशेब मांडला: ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक, २,५०० प्रणाली, दहा दिवसांत नव्याने. तोटा २५ ते ३० कोटी डॉलर. त्या दहा दिवसांतही जगात कुठे ना कुठे दर पंधरा मिनिटांनी मर्स्कचं एक जहाज बंदराला लागत होतं, आणि माल वीस टक्क्यांनीच घटला. बाकी सगळा माणसांनी हाताने हलवला.