मीठा तालाब, दोन गाद्या आणि पाण्याची आगगाडी : आमचं देवास

इथे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदं यांच्यावर भरभरून लिहून येतं आणि ते वाचायला आवडतंही. पण देवासचं नाव निघालं की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक माताजीची टेकरी, दुसरं कुमारजींचं घर. इंदूरहून ग्वाल्हेरकडे जाताना आग्रा-मुंबई रस्त्यावर पस्तीसेक किलोमीटरवर लागणारं गाव, गाडी चहाला थांबते तेवढीच ओळख. आमच्या चार पिढ्या या गावात गेल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

देवास वसलं ते टेकरीच्या पायथ्याशी. तीनेकशे फुटांची टेकडी आणि तिच्यावर दोन देव्या, तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. दोघी बहिणी होत्या, भांडल्या, एक पाताळात निघाली, दुसरी टेकडी सोडून चालली, आणि हनुमान-भैरवांनी विनवल्यावर होत्या त्या अवस्थेत थांबल्या, अशी कथा लहानपणी प्रत्येकाला ऐकवतात. ही कथा आधीची की इथल्या राजांकडे बघून कुणी रचली, असा प्रश्न मला नेहमी पडतो. कारण राजेही दोघं भाऊच होते.

थोरल्या बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आलेल्या मराठा सरदारांत तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार हे बंधू होते. धारच्या पवारांचे हे भाऊबंद. १७२८ मध्ये त्यांच्याकडे देवास आलं. शिंदे, होळकर, धारचे पवार यांच्याकडे एकेक गादी. देवासला मात्र एकाच गावात दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. आधी दोघं भाऊ एकत्र कारभार बघत. पुढच्या पिढ्यांत कुरबुरी वाढल्या आणि १८४१ मध्ये मुलखाची रीतसर वाटणी झाली. त्याआधी १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाला होता, तो दोन्ही राजांनी मिळून केलेला एकच तह.

वाटणी कशी, तर सरळ रेघ मारून नव्हे. थोरल्या पातीचा मुलूख सुमारे ४४६ चौरस मैल, धाकटीचा ४४०. हिची गावं तिच्यात, तिची हिच्यात अशी गुंतलेली. आणि खुद्द शहरात मोठ्या रस्त्याची एक बाजू एका राज्याची, समोरची दुसऱ्याची. दिवाबत्तीची सोय वेगळी, पाण्याची वेगळी. दोघांचे राजवाडे वेगळे, दरबार वेगळे, फौजा वेगळ्या. आमचे पणजोबा थोरल्या पातीत कारकून होते आणि त्यांच्या बहिणीचं सासर समोरच्या ओळीत, म्हणजे परराज्यात. "आत्याकडे जातो" म्हणजे सरहद्द ओलांडतो, हा विनोद घरात इतका घासला गेला की आता कुणी हसत नाही. बेळगावकडच्या मंडळींना यातली गंमतही कळेल आणि गंमत नसलेला भागही.

हा सगळा कारभार मराठीत चाले, कागद मोडीत. देशावरून कारकून आले, पुजारी, शिलेदार, शिक्षक आले. माळव्याच्या मातीत राहून आमची भाषा अशी झाली की पुण्याचे पाहुणे गालात हसतात. "काय करून राहिलास?" हे आमचं शुद्ध मराठी आहे, आणि नाश्त्याला पोह्यांबरोबर जलेबी नसेल तर तो नाश्ताच नाही.

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे या गोष्टीतलं सगळ्यात विलक्षण माणूस. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे जावई. त्यांच्याकडे इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर आधी १९१२-१३ च्या हिंदुस्थानच्या फेरीत येऊन गेला आणि मग १९२१ मध्ये खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. दरबारातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने जवळून पाहिला. १९२४ च्या 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीचा शेवटचा भाग त्याच उत्सवावर उभा आहे. त्यात भजन म्हणणारे लोक तुकारामांचं नाव घेत नाचतात, ते कुठून आलं ते आपल्याला सांगायला नको. पुढे १९५३ मध्ये त्याने 'द हिल ऑफ देवी' लिहिलं, नावातच टेकरी आहे. पुस्तक प्रेमाने लिहिलंय, पण गावाकडे बघण्याची साहेबाची नजर जात नाही. दोन राज्यांच्या गमती त्याला दिसल्या. त्या गमतीचा खर्च कोण भरत होतं, ते तितकंसं दिसलं नाही. एवढ्याशा मुलखाने दोन दरबार पोसायचे म्हणजे तिजोरीचं काय होणार? थोरली पाती कर्जात बुडाली. तुकोजीराव शेवटची वर्षं पाँडिचेरीत फ्रेंच हद्दीत राहिले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले.

त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. म्हणजे शाहू महाराजांच्या मुलीचा मुलगाच आजोळच्या गादीवर बसला. देवासची गादी त्यांच्या मुलाकडे, कृष्णाजीरावांकडे आली. वर्षभरात, १९४८ मध्ये, दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच सरकार आलं, शंभराहून जास्त वर्षांच्या सवयी मोडायला अर्थातच वेळ लागला.

त्याच १९४८ च्या जानेवारीत एक आजारी तरुण गवई देवासला राहायला आला. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व. वय तेवीस, क्षयाचं निदान, कोरड्या हवेत राहा असा सल्ला, गाणं बंद. टेकरीच्या कुशीत पाच-सहा वर्षं पडून त्यांनी ऐकलं काय, तर वाटेने जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, जोगी-फकिरांची निर्गुणी भजनं. देवासला शीलनाथ महाराजांच्या धुनीची परंपरा होतीच. औषधाने बरे झाले आणि परत गायला बसले तेव्हा ते गाणं दुसरंच होतं. कानडी घरातला मुलगा, मराठी नाट्यगीतं जिवापाड जाणणारा, माळव्यात येऊन कबीर गातो! देवास सोडून मुंबई-पुण्यात राहायला ते कधी गेले नाहीत. १९९२ मध्ये वारले तेही इथेच. त्यांच्या आधी उस्ताद रजब अली खाँ याच गावात होते हे मात्र लोक विसरतात. तेही काही काळ कोल्हापूर दरबारात होते. देवास-कोल्हापूर हा धागा असा सारखा वर येतो.

आता तलावाकडे येतो, कारण मला खरं त्याबद्दलच लिहायचं होतं.

मीठा तालाब. नावाप्रमाणे गोडं पाणी. काठावर पवार घराण्याच्या छत्र्या आहेत, मराठा धाटणीचं दगडी काम, आणि संध्याकाळी टेकरीवरचे दिवे पाण्यात दिसतात. माळव्याची काळी माती पाणी धरते, पण खाली बेसाल्टचा काळा पाषाण, दख्खनसारखाच. पाणी मुरतं ते त्याच्या भेगांतून, हळूहळू. म्हणून जुन्या लोकांनी तलाव बांधले, विहिरी बांधल्या. राज्य थोरलं असो की धाकटं, तलावाशिवाय इथे चालणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. मीठा तालाब हा त्यातला एक. शहरात आणि भोवती असे लहानमोठे बरेच होते.

साठच्या दशकापासून देवास बदललं. जमीन स्वस्त, आग्रा-मुंबई रस्ता दारात, इंदूर-उज्जैनची रेल्वे, मागास भाग म्हणून कारखान्यांना सवलती. कापडगिरणी आली, गिअरचा कारखाना आला, किर्लोस्करांचे पंप, टाटांचा चामड्याचा कारखाना, औषधं, पुढे सोयाबीनच्या तेलगिरण्या. १९७४ मध्ये बँक नोट प्रेस सुरू झाली. नोटा छापतात त्या तिथे, आणि छपाईची शाईसुद्धा तिथल्याच कारखान्यात बनते. देशभराच्या खिशात देवास आहे, पण नोटेवर त्याचं नाव नाही. किर्लोस्करांची सुरुवात बेळगावची, त्यामुळे तिकडची, कुंडल-किर्लोस्करवाडीची माणसं भेटली की आमच्या वडिलांना फार आनंद व्हायचा.

त्या काळात घरोघरी पगार आले. दरबारच्या कारकुनांची नातवंडं पाळ्यांमध्ये जाऊ लागली. सकाळचा भोंगा, सायकलींची रांग, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले शेजारी. राजवाड्याच्या गावाला दोन दशकांत मजुरांचं गाव बनवलं कारखान्यांनी, आणि मला त्याची खंत वाटत नाही. जुन्या देवासात कुणाचं कूळ काय हे आधी विचारायचे. कॉलनीत विचारायचे, पाळी कोणती?

पण कारखान्यांना जागा हवी, कामगारांना घरं हवीत. ती कुठे मिळाली? तलावांच्या जागी. एकेक तलाव बुजत गेला आणि त्यावर घरं, शेड, गोदामं उठली. अनुपम मिश्रांच्या 'आज भी खरे हैं तालाब' या पुस्तकात देवासचं उदाहरण याचसाठी येतं. दुसरीकडे शेतात कूपनलिका. बँका कर्ज देत, वीज स्वस्त. पावसाळी सोयाबीन आणि मग गहू, दोन पिकं हाती लागली की कोण थांबणार? भेगांतलं शेकडो वर्षांचं पाणी उपसून झालं तेव्हा बोअर पाचशे फुटांवर गेले, मग आणखी खाली.

१९९० मध्ये देवासला पाण्यासाठी इंदूरहून आगगाडी आली. टँकर जोडलेली मालगाडी, तिच्यातून गावाला पाणी. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात अंघोळ म्हणजे सणवार होता. आई पहाटे तीनला उठून नळावर बादल्यांची रांग लावायची आणि शेजारणींशी आळीपाळीने राखण करायची. मुलगी द्यायची तर देवासला नको, असं सोयरिकीत उघड म्हणायचे लोक. ज्या गावात तलावाचं नावच 'मीठा', त्या गावाला सुनेच्या डोक्यावरचा हंडा आडवा आला.

कारखान्यांवरही परिणाम झाला. सगळ्याचं खापर पाण्यावर फोडणार नाही. बाजार बदलला, मशीन जुनी झाली, मालकांना गिरणीपेक्षा जमीन महाग वाटायला लागली. आमचे मामा ज्या गिरणीत होते ती एक दिवस बंद झाली ती झालीच. हिशेबाचे पैसे मिळायला इतकी वर्षं गेली की सोबतचे काही जण तोवर उरले नाहीत. त्या पिढीची मुलं इंदूर, पिथमपूर, पुणे अशी पांगली. मराठी घरांपैकी बरीच तेव्हाच रिकामी झाली.

पाण्याच्या गोष्टीला पुढे वळण मिळालं ते शहरात नव्हे, खेड्यात. २००६ मध्ये उमाकांत उमराव हे जिल्हाधिकारी आले. त्यांनी भाषणं न देता हिशेब मांडला. बोअरवर बोअर मारून किती पैसे जमिनीत गेले, आणि शेताचा दहावा-विसावा हिस्सा तलावाला दिला तर काय येईल? गंमत अशी की त्यांनी सुरुवात गरिबांपासून केली नाही. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, जे सगळ्यात जास्त पाणी उपसतात, त्या मोठ्या शेतकऱ्यांना गाठलं. सरकारी अनुदानाची वाट न बघता लोकांनी स्वतःच्या पैशाने तलाव खोदले. त्यांना नाव दिलं रेवासागर, आणि खोदणाऱ्याला भागीरथ कृषक. टोंकखुर्द तालुक्यात धतूरियासारख्या गावांत बघावं तिकडे पाणी. जिल्ह्यात असे हजारो तलाव झाले. हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात, हे मी स्वतः पाहिलंय. राज्य सरकारने मग बलराम तालाब नावाची योजनाच काढली.

शहराची तहान मात्र अजून बाहेरूनच भागते, क्षिप्रेतून, नर्मदेतून. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २,८९,५५० होती, आज त्याहून बरीच जास्त असणार. जवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतात, नवे कारखाने येतात. मीठा तालाबच्या काठी फिरायला गर्दी असते. छत्र्यांपाशी पोरं फोटो काढतात. छत्री कुणाची विचारलं तर निम्मे म्हणतात होळकरांची. राग येतो, पण सांगायचं तर आपणच, दुसरं कोण सांगणार.

म्हणून एक विनंती. थोरल्या किंवा धाकट्या पातीत नोकरीला असलेल्या घरांतून मोडी कागद, सनदा, वाटणीच्या काळातली पत्रं माळ्यावर पडून असतील. आमच्याकडचं एक बाड वाळवीने खाल्लं, एक वाचलंय. त्यात तलावाच्या दुरुस्तीला दोन्ही पात्यांनी निम्मानिम्मा खर्च द्यावा असं काहीसं दिसतं, पण मोडी मला सलग वाचता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल, किंवा अशाच कागदाची दुसरी बाजू, म्हणजे धाकट्या पातीकडची, कुणाच्या घरी असेल, तर कृपया कळवा. फोटो काढून ठेवले आहेत, लगेच पाठवतो.