प्रसूतिकालीन ताण-संप्रेरके

बाळंतपणात मातेच्या रक्तात वाढणारी कॉर्टिसॉल, ॲड्रेनालिन व नॉरॲड्रेनालिन ही संप्रेरके. पहिली दोन मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवतात, तर तिसरे मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांतून.

कॉर्टिसॉल आधीपासूनच चढत असते. नवव्या महिन्यात ते एरवीच्या दोन-तीनपट होते, जन्माच्या सुमारास कळस गाठते आणि पुढच्या काही दिवसांत उतरते. ही वाढ आजार नव्हे, श्रमाला लागणारी साखर तीच रक्तात आणते. बाळापर्यंत त्यातले थोडेच पोचते, कारण वारेतील एक विकर बरेचसे कॉर्टिसॉल निष्क्रिय करते.

ॲड्रेनालिनचे तसे नाही. गर्भाशयाच्या स्नायूवरील बीटा-२ ग्राहींवर ते बसले की स्नायू सैल पडतो. अकाली कळा थांबवणारे रिटोड्रीन हे औषध याच वाटेने काम करते. रेजिना लेडरमन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ३२ पहिलटकरणींचा अभ्यास केला. ज्यांचे ॲड्रेनालिन जास्त, त्यांच्या कळा क्षीण आणि बाळंतपण लांबलेले, असे त्यांना आढळले.

आसेगाव (ता. मंगरुळपीर, जि. वाशीम) परिसरात पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. घरी कळ आली की कमरेवर आईचा हात फिरतो. रात्री गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेले की पुष्कळदा दार लागते आणि आई बाहेरच राहते. आत डोळ्यांवर उजेड, अनोळखी आवाज, घामेजल्या मुठीत टेबलाची लोखंडी दांडी. घरी जोरात आलेल्या कळा इथे मंदावल्या, तर तिला 'जोर लाव' म्हणून रागावणे निव्वळ अन्याय आहे. ते तिचे शरीर घाबरले आहे. अर्थात मंदावलेली प्रत्येक कळ भीतीची नसते. बाळ आडवे-तिडवे असल्यासही प्रसूती अडते, म्हणून तपासणी हवीच.

सोबतीचा उपयोग मोजून पाहिलेला आहे. १५,००० हून अधिक स्त्रियांवरील २६ चाचण्यांच्या कॉक्रन आढाव्यात (२०१७) अखंड सोबत मिळालेल्यांची प्रसूती तुलनेने लवकर झाली आणि शस्त्रक्रिया कमी लागल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. तिने स्वच्छ कपडे घालावेत आणि पूर्ण वेळ जवळ थांबावे, अशी अपेक्षा आहे. बाहेर बाकावर बसलेली आई याच अटींत बसते.