उलटपावली परतणारा प्रकाश

महामार्गावर रात्री ट्रक बंद पडला की क्लीनर काय करतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले असते. ट्रकच्या मागे थोड्या अंतरावर तो चार-सहा दगड मांडतो आणि झाडाची एखादी फांदी तोडून मागच्या फळीत खोवतो. हेतू चांगला असतो. पण अंधारात दगडही दिसत नाहीत आणि फांदीही. शिवाय ट्रक निघून गेल्यावर दगड तिथेच राहतात, ते वेगळेच.

मूळ प्रश्न आहे तो वेळेवर दिसण्याचा. थोडे गणित करून पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले, तर तेवढ्यात ३३ मीटर संपतात. चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला त्यापुढे आणखी ३५ मीटर तरी लागतात. म्हणजे एकूण ६८ मीटर. ओल्या रस्त्यावर याहूनही जास्त. दिवे खाली झुकवलेले असतील, तर काळपट, मळकी वस्तू एवढ्या अंतरावरून बहुधा दिसतच नाही.

असे का होते? खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि चालकाच्या डोळ्यांकडे त्याचा अगदी थोडा अंश येतो. सपाट आरसाही उपयोगाचा नाही, कारण तिरपा आलेला प्रकाश तो भलतीकडेच धाडतो. आपल्याला हवा असतो तो आला त्याच वाटेने उलटपावली परतणारा प्रकाश.

मांजराच्या डोळ्यात ही सोय निसर्गतः असते. डोळ्यातील भिंग प्रकाश पडद्यावर एकत्र आणते आणि पडद्यामागचा चकाकणारा थर तो आल्या वाटेने परत पाठवतो. इंग्लंडमधील हॅलिफॅक्सचा पर्सी शॉ (१८९०–१९७६) याने हीच युक्ती रस्त्यावर आणली. भिंगामागे आरसा असलेली काच जाहिरातींच्या फलकांत आधीपासून वापरली जात होती. शॉने १९३४ मध्ये पेटंट घेतले ते अशा काचा रबरी आवरणात बसवून रस्त्याच्या मध्यभागी पुरण्याच्या कल्पनेचे. चाक वरून गेले की रबर दबते, काचा आत जातात आणि रबराच्या कडेने पुसल्या जातात. पुढे दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमधील रस्त्यांवरचे दिवे बंद झाले, तेव्हा या ‘मार्जारनेत्रां’चे महत्त्व सर्वांना पटले.

दुसरी युक्ती भूमितीची आहे. एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन आरशांच्या कोपऱ्यात शिरलेला किरण तिन्हींवर आपटून मूळ दिशेला समांतर परततो. सायकलच्या मागचा लाल तुकडा उजेडात धरून पाहावा. त्यात असे शेकडो बारीक कोपरे दिसतील. १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर असेच १०० कोपरे असलेली चौकट ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेसर तिथून परततो आणि त्याला लागलेल्या वेळावरून चंद्राचे अंतर मोजता येते.

बंद पडलेल्या वाहनाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर हाताळला गेला तो १९६८ च्या व्हिएन्ना करारात. अशा वाहनाची सूचना मागून येणाऱ्यांना पुरेशा अंतरावरूनच मिळावी, असे त्यात ठरले आणि त्यासाठी लाल त्रिकोण सुचवला गेला. त्रिकोणच का? पोकळ लाल त्रिकोण वाहनाच्या नेहमीच्या दिव्यांहून चटकन वेगळा ओळखू येतो. आजच्या त्रिकोणात बाहेरची पट्टी रात्रीसाठी प्रकाश परतवणारी असते, तर आतली दिवसासाठी प्रतिदीप्तिमान, म्हणजे नजरेला मंद वाटणारा निळा-जांभळा आणि अतिनील प्रकाश शोषून तांबूस प्रकाश देणारी असते. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत वाहनाच्या मागे लाल परावर्तक लावण्याची तरतूद आहे. उसाने भरलेल्या बैलगाडीला मात्र स्वतःचा दिवा नसतो. तिच्या मागच्या बाजूला परावर्तक नसेल, तर रात्री ती जवळजवळ अदृश्यच असते.

त्रिकोण गाडीला टेकवून ठेवण्यात अर्थ नाही, हे वरच्या गणितावरून कळतेच. ब्रिटनची नियमपुस्तिका तो किमान ४५ मीटर मागे ठेवायला सांगते. आणि तीच पुस्तिका द्रुतगती मार्गावर तो मुळीच ठेवू नका, असेही बजावते! कारण तिथे त्रिकोण ठेवायला चालत जाणाऱ्या माणसाच्याच जिवाला धोका असतो. तेथे धोक्याचे दिवे लावून, रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरून कठड्यापलीकडे थांबणे हाच मार्ग.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. खोलीत अंधार करून सायकलचा परावर्तक दूरच्या भिंतीवर लावा. विजेरी कानशिलाजवळ धरून त्याच्याकडे पाहा, मग हात पूर्ण लांब करून पाहा. दुसऱ्या वेळी चमक एकदम का घटते, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. रस्त्याकडेला परावर्तक लावून उभा असलेला माणूस मोटारचालकाला लख्ख दिसतो, पण पायी जाणाऱ्याला का दिसत नाही, तेही त्यातूनच त्यांना उमगेल.