रशियन राज्ये आणि मंगोल आक्रमण

बाराव्या शतकात मॉस्को हे एक लहानसे ठाणे होते. पुढे तेच रशियाची राजधानी कसे झाले? याचे उत्तर शोधताना मंगोल आक्रमणाकडे केवळ विध्वंस म्हणून पाहून चालत नाही.

पार्श्वभूमी

१०५४ मध्ये यारोस्लाव्हच्या मृत्यूनंतर कीवचे राज्य त्याच्या वंशजांत वाटले गेले. १०९७ मध्ये ल्यूबेच येथे राजपुत्रांनी ठरवले, की प्रत्येकाने आपापला वडिलोपार्जित प्रदेश सांभाळावा. भाऊबंदकी मिटावी हा हेतू होता. ती मिटली नाही, वाटण्या मात्र कायम झाल्या.

आक्रमण

१२२३ मध्ये कालका नदीकाठी मंगोलांनी काही रशियन राजपुत्रांचा पराभव केला व ते परत गेले. चौदा वर्षे मिळूनही एकजूट झाली नाही. चंगीझखानाचा नातू बाटू याने डिसेंबर १२३७ मध्ये रियाझान, फेब्रुवारी १२३८ मध्ये व्लादिमीर आणि १२४० मध्ये कीव घेतले. हिवाळ्यात गोठलेल्या नद्याच त्याच्या घोडदळाचे रस्ते झाल्या. उत्तरेकडील नोव्हगोरोड मात्र बचावले.

फूट नसती तर रशिया वाचला असता का? असे म्हणणे कठीण आहे. एकाच राजाच्या सत्तेखालील हंगेरीही १२४१ मध्ये याच सैन्यापुढे हरली. मंगोलांची शिस्त, वेग आणि तटबंदी फोडण्याची यंत्रे ही कारणेही लक्षात घ्यावी लागतात.

खानाची सत्ता

बाटूने व्होल्गेच्या खोऱ्यात सराय ही राजधानी वसवली. त्याने राजपुत्रांना हटवले नाही. त्यांना खानाकडून ‘यारलिक’, म्हणजे राज्य करण्याची सनद, घ्यावी लागे. पुढे शिरगणती करून खंडणी ठरवली गेली. युद्धातून बचावलेल्या नोव्हगोरोडने शिरगणतीला विरोध केला, तेव्हा अलेक्झांडर नेव्हस्की यानेच ती करायला भाग पाडले. चर्चला मात्र करमाफी होती.

मॉस्कोचा उदय

१३२७ मध्ये त्वेर शहराने खानाच्या दूताविरुद्ध उठाव केला. मॉस्कोचा इव्हान खानाच्या बाजूने त्वेरवर चालून गेला. पुढे त्याला महाराजपुत्रपद व खंडणी वसुलीचा अधिकार मिळाला. त्याचे टोपणनाव ‘कलिता’, म्हणजे पैशाची थैली. वसुलीतून मॉस्कोकडे पैसा आला आणि इतर राजपुत्रांवर वचकही बसला. १३८० मध्ये त्याचा नातू दिमित्री याने कुलिकोव्होची लढाई जिंकली. तरी १३८२ मध्ये तोख्तामिशने मॉस्को जाळले व खंडणी पुन्हा सुरू झाली. अखेर १४८० मध्ये उग्रा नदीवर तिसऱ्या इव्हानसमोरून खानाचे सैन्य माघारी गेले आणि ही सत्ता संपली.

म्हणजे ज्या मॉस्कोने खानाची खंडणी गोळा केली, त्यानेच शेवटी खानाची सत्ता झुगारली. आता तुम्हीच विचार करा: इव्हान कलिताला फितूर म्हणावे, की मॉस्कोच्या सत्तेचा पाया घालणारा? उत्तर लिहिताना त्वेरच्या लोकांना विसरू नका.